दुसऱ्या बाईच्या दोन रेघा

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. आईपुढे नाही, बहिणीपुढे नाही. देवासमोर हात जोडून उभी राहिले तेव्हासुद्धा मनातल्या मनात मी ते पूर्ण वाक्यात म्हटलेलं नाही — अर्ध्यावर आले की 'सगळ्यांना सुखी ठेव' म्हणून मोकळी व्हायचे. आज म्हणून बघते. अडखळणार आहे, ते आधीच सांगते.

मी आशा आहे. म्हणजे नाव नव्हे, काम. कशेडी घाटाच्या पायथ्याशी, पोलादपूर तालुक्यातल्या एका गावात आणि त्याच्या वरच्या दोन वाड्यांत कुणा बाईची पाळी चुकली की बहुतेक वेळा ते तिच्या नवऱ्याच्याही आधी मला कळतं. मी तिचं नाव वहीत लिहिते, लोहाच्या गोळ्या देते, वजन करते, दिवस भरले की तिच्यासोबत दवाखान्यात जाते. किती बाळं मी कपड्यात गुंडाळून बापाच्या हातात दिली असतील! आणि मी स्वतः — मी ज्या वेळचं सांगतेय तेव्हा लग्नाला सात वर्षं झाली होती, आणि त्या वहीत माझं नाव कधीच आलं नव्हतं.

नवऱ्याचं नाव असं सरळ घ्यायची मला सवय नाही. पण इथं घेते, नाहीतर तुमचा गोंधळ होईल. विलास. आमच्या गावातून पोलादपूर-महाडपर्यंत जीप चालवायचे. मनानं साधे. मूल होत नाही म्हणून त्यांनी मला एका शब्दानं कधी दुखवलं नाही. हे मी मुद्दाम आधी सांगतेय. का, ते पुढं कळेल.

महाडच्या एका डॉक्टरीणबाईंकडे आमचे उपचार चालू होते. पाळीच्या नवव्या दिवसापासून एक दिवसाआड सोनोग्राफी. गोळ्या, इंजेक्शनं, नळ्यांचा फोटो — तो काढताना मी टेबलाची कड इतकी घट्ट धरली होती की नर्स म्हणाली, "अहो सोडा, टेबल हातात येईल!" विलासचीही तपासणी झाली. तेही निमूट गेले, निमूट आले. सगळं चांगलं. "दोघांतही दोष काही नाही," डॉक्टरीणबाई म्हणायच्या, आणि मी बाहेर येऊन रडायचे. कुणी विचारलं तर काय सांगणार? दोष असता तर निदान त्याचं नाव तरी घेता आलं असतं. महिन्याचे शेवटचे चार दिवस मी श्वास रोखून चालायचे. मग पोटात कळ यायची आणि पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजणी सुरू. शिवथरच्या घळीत जाऊन आम्ही दोघं एकदा तासभर नुसते बसलो होतो. काय मागितलं ते एकमेकांना विचारलं नाही.

सासूबाई मात्र बोलायच्या. मला नाही — म्हशीला. म्हशीला पाणी दाखवताना, मला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं, "तुला तरी हाय गो बाय पारडू. नशीबाची तू."

तर — तो दिवस.

दुपारी शेजारची एक बाई मागच्या दारानं आली. तिला आधीच्या दोन मुली. पाळी चुकली होती, आणि सासूला इतक्यात कळू द्यायचं नव्हतं. "ताई, हितंच बघूया का?" म्हणाली. आमच्या न्हाणीत तिनं माझ्या पिशवीतल्या तपासणीच्या किटवर थेंब टाकले. किट खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून आम्ही दोघी बघत उभ्या राहिलो. दोन रेघा आल्या. लालबुंद, स्पष्ट. ती डोकं धरून खालीच बसली. मी तिला पाणी दिलं, समजावलं, आणि ती पदरानं तोंड पुसत आली तशी गेली. किट कट्ट्यावरच राहिलं.

मी भांडी विसळत होते. विलास त्या दिवशी लवकर आले, जीप गॅरेजला लावली होती म्हणून. हातपाय धुवायला न्हाणीत गेले. आणि मग बराच वेळ पाण्याचा आवाजच आला नाही.

मी वळून पाहिलं. ते दारात उभे. हातात ते किट. आणि त्यांचा चेहरा — काय सांगू तुम्हाला? सात वर्षांत मी तो चेहरा पाहिला नव्हता. तोंड उघडं पडलं होतं. वर्षानुवर्षं मला आणून-नेऊन त्यांनाही कळत होतं, दोन रेघा म्हणजे काय.

"गो," ते म्हणाले. मग पुन्हा, "गो... खरं हाय हे?"

'माझं नाही.' दोनच शब्द. किंवा 'शेजारणीचं' — एकच. जिभेवर होता.

मी मान हलवली. हो म्हणून.

मी काय केलं हे मला माझी मान हलल्यावर कळलं. हातातलं ताट तसंच राहिलं, त्यावरून पाणी पायांवर गळत होतं. ते पुढं आले, खाली बसले, माझ्या ओल्या हातांत तोंड खुपसलं आणि लहान पोरासारखे रडले. आता सांगू? आता? — असं मनात म्हणत म्हणत मी त्यांच्या केसांवरून हात फिरवत राहिले.

तुम्ही म्हणाल, संध्याकाळी सांगायचं. दुसऱ्या दिवशी सांगायचं. मीही तेच म्हणत होते. पण माझी तारीख यायला अजून चार दिवस होते. त्या महिन्यात गोळ्या घेतल्या होत्या. समजा खरंच राहिलं तर? तर मग खोटं कुठं उरलं? चार दिवस आधी सांगितलं, एवढंच! अशी माणसाची अक्कल चालते. माझी तरी चालली.

"तीन महिने होईपर्यंत कुणाला सांगू नका," असं मी त्यांना बजावलं होतं. त्यांनी फक्त आईला सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी माझ्या डोक्यावरची कळशी स्वतः उतरवून घेतली. काही बोलल्या नाहीत. म्हशीशीही बोलल्या नाहीत. त्या दिवसापासून माझ्या ताटात आधी वाढलं जाऊ लागलं.

तारीख आली आणि गेली. पाळी आली नाही. पाच दिवस झाले, सात झाले. मी हरखले. नवव्या दिवशी पहाटे पिशवीतलं किट काढून मी माझी तपासणी केली.

एकच रेघ.

हे का सांगतेय? कारण ह्या गोष्टीत मला एक सुटायची जागा आहे — पाळी लांबली होती ना, मग कदाचित काहीतरी असेल, कदाचित खरंच राहून गेलं असेल. नाही. मी तपासलं होतं. एकच रेघ होती. मला माहीत होतं.

विलास मात्र ऐकेनात. "महाडला दाखवून येऊ. जीपमध्ये दहा माणसं, दाटीवाटी, त्यापरास मोटारसायकल बरी. मी सावकाश नेतो." कोणत्या तोंडानं नाही म्हणणार? त्या वेळी महामार्ग रुंदीकरणासाठी सगळा उखडून ठेवला होता. सकाळपासून माझी कंबर भरून आली होती, ओटीपोटात ओळखीची कळ होती. तशीच मी मागं बसले. त्यांनी बैलगाडीसारखी गाडी चालवली. तरी पोलादपूरच्या पुढं मागून एका ट्रकनं जोरात हॉर्न दिला, ते दचकून कडेला झाले आणि मागचं चाक खड्ड्यात गेलं. मी उडाले, आपटले. पडले नाही. 

"लागलं?" त्यांनी गाडी थांबवून विचारलं. 

"नाही."

महाडच्या स्टँडवर मी बायकांच्या शौचालयात गेले. पाळी आली होती. नेहमीसारखी, अकरा दिवस उशिरानं. मी तिथं किती वेळ उभी होते कुणास ठाऊक. बाहेरून एक बाई दार वाजवत होती.

बाहेर आले तर विलास शहाळं घेऊन उभे. माझ्याकडे बघितलं आणि शहाळं त्यांच्या हातात तिरकं झालं.

"गेलं," मी म्हटलं.

बघा, किती सोपं होतं! नसलेली गोष्ट गेली, की हिशेब मिटला. मी तिथं उभी राहून हेच मनात म्हणत होते — सुटले, सुटले. आणि तेवढ्यात ते बोलले.

"खड्डा," ते म्हणाले. "त्या खड्ड्यानं... माझ्या हातानं गेलं गो."

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. तुम्ही विश्वास ठेवा किंवा ठेवू नका — हे मी रचलं नव्हतं. भर स्टँडवर, माणसांच्या गर्दीत, एक भला माणूस माझ्यासमोर उभा राहून नसलेल्या मुलाचा खून स्वतःच्या डोक्यावर घेत होता. माझं काय काम होतं? 'नाही हो, तुमच्यामुळे नाही.' एवढं खोटं तरी बोलायचं! खरं बोलायची हिंमत नव्हती, तर निदान दयेचं खोटं. सकाळपासूनच कळा येत होत्या, असं म्हटलं असतं तरी चाललं असतं, ते तर खरंच होतं.

मी पदराचं टोक दातांत धरून खाली बघत राहिले.

डॉक्टरीणबाईंकडे जाऊ म्हणाले. "आता दाखवून काय करायचं? मी आशा आहे, मला कळतं," मी म्हटलं. परत येताना त्यांनी मला एसटीत बसवलं आणि स्वतः मोटारसायकलवरून एसटीच्या मागं मागं आले. मी शेवटच्या बाकावर होते. मागच्या काचेतून मला ते सगळा रस्ताभर दिसत होते. धुरळ्यात. डोळे पुसायला एक हात सोडत होते.

घरी सासूबाईंनी ऐकलं आणि त्या मुलावर धावून गेल्या. एवढ्या मोठ्या माणसाच्या पाठीत धपाटे घातले. "तुझ्या हातानं घालवलंस रे! सात वर्सांनी आलं नि तू घालवलंस!" ते उभे राहून मार खात होते. आणि मला — मला आत नेऊन निजवलं, पायांवर गोधडी घातली, आळीव घालून पेज केली. बाळंतिणीला करतात तशी.

आता ते सांगते जे सांगायला मी इतकी फिरतेय.

मला बरं वाटलं.

पेज पिताना, बाहेर ते हुंदके देतायत हे ऐकताना, मला बरं वाटलं. सात वर्षं जे ओझं माझ्यावर होतं ते दुसऱ्याच्या खांद्यावर गेलं होतं. त्या दिवसानंतर मला वांझ म्हणून कुणी बघितलं नाही. मी 'राहिलेली' बाई झाले. हळदीकुंकवाला माझी ओटी भरताना बायकांचे हात आखडेनासे झाले. "तिचा काय दोष, नवऱ्यानं गाडीवरून नेली," असं म्हणायच्या, आणि मी ते ऐकून घ्यायचे. त्यात सुख होतं. इतका नीचपणा माझ्यात आहे हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. अजूनही आठवलं की वाटतं — ही कोण बाई?

पुढच्या महिन्यात मी उपचारांचं बोलले. विलास नको म्हणाले. पहिल्यांदाच मला त्यांनी कशाला तरी नको म्हटलं. "आपल्याला राहतं गो. मलाच राखता येत नाय. पुन्हा एकदा नाय सोसणार." मी पुष्कळ विनवलं. ते ऐकेनात. डॉक्टरीणबाईंच्या फायली पेटीत गेल्या. म्हणजे जे मूल कधी नव्हतं त्याच्या पायी जे होऊ शकलं असतं तेही गेलं. त्यांनी मोटारसायकल देऊन टाकली. जीप चालू ठेवली, पण एक नियम केला — गर्भार बाई गाडीत घ्यायची नाही. सगळ्या खोऱ्याला तो नियम ठाऊक झाला. कुणी हसायचे, कुणी हळहळायचे. मी काहीच करायचे नाही.

इथं थांबता आलं असतं तर बरं झालं असतं.

चार वर्षांनी, पावसाळ्यात, घाटात दरड आली आणि रुग्णवाहिका पलीकडे अडकली. वरच्या धनगरवाडीतून चार माणसं एका बाईला डोलीत घालून खाली रस्त्यावर घेऊन आली. वनिता तिचं नाव. दुसरी खेप, पहिलं सिझर, म्हणून महाडच्या दवाखान्यात तिचं नाव घातलेलं होतं. मीच घातलं होतं. मी तिला तपासलं. पाणी गेलं होतं, आणि ते हिरवट होतं. प्रशिक्षणात आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवतात — पाणी हिरवं, म्हणजे घाई करा.

रस्त्यावर एकच गाडी होती. आमची.

"नाय," विलास म्हणाले. "मी घेत नाय. ठाऊक हाय सगळ्यांना."

"दुसरी गाडी नाही हो," मी म्हटलं. "हिला वेळ नाही."

ते माझ्याकडे बघत गाडीत चढले आणि स्टिअरिंगपाशी बसले. वनिताचं डोकं माझ्या मांडीवर, समोर तिचा नवरा. जीप निघाली — चालत्या माणसाच्या वेगानं. प्रत्येक खड्ड्यापाशी थांबायची, हळूच उतरायची, हळूच चढायची. त्यांचे हात स्टिअरिंगवर पांढरे पडले होते.

"भाऊ, जोरात घ्या की ओ!" वनिताचा नवरा ओरडला. मग हात जोडले. "पाया पडतो भाऊ!"

"धक्का बसला तर जातं," विलास म्हणाले. "तुला काय ठाव? माझं गेलंय. मला ठाव हाय."

"अहो, हाका जोरात!" मीही ओरडले. "मी सांगते ना, काही होत नाही धक्क्यानं!"

"तू सांगतेस?" आरशात त्यांचे डोळे दिसले. "तू? तुझं गेलं नाय गो माझ्या हातानं?"

तेव्हा ते वाक्य माझ्या तोंडात होतं. तयार. 'काही गेलं नाही. काही नव्हतंच. ती रेघ शेजारणीची होती.' हे म्हटलं असतं तर त्यांनी पाय दाबला असता — मला खात्री आहे, माझ्यावर थुंकले असते आणि पाय दाबला असता. साऱ्या जगात फक्त एका माणसाला ठाऊक होतं की ही जीप हळू जायला काही कारण नाही. ते माणूस मागं बसलं होतं, एका तडफडणाऱ्या पोरीचं डोकं मांडीवर घेऊन. आणि त्या माणसाच्या मनात काय आलं, सांगू? वनिताचा नवरा समोर बसलाय. तो ऐकेल. संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला कळेल.

हेच आलं. दुसरं काही नाही.

मी म्हटलं, "बरं, जरा तरी जोरात."

एरवी पाऊण तासाचा रस्ता. दोन तासांच्या वर लागले.

बाई वाचली. मुलगी होती, ती रडली नाही. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "थोडं आधी यायला हवं होतं." त्यांना काय माहीत ते कुणासमोर बोलतायत? मुलगी उशिरामुळेच गेली का, हे कुणी छातीवर हात ठेवून सांगणार नाही. आतमध्ये आधीच काही झालं असेल, नसेल. पण त्या वाक्याच्या आडोशाला मी बसणार नाही.

विलास भिंतीला टेकून उभे होते. त्यांनी जीपची किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "दुसरं पण."

तेव्हाही मी गप्प राहिले. त्या व्हरांड्यात आम्ही दोघंच होतो, ऐकायला तिसरं कुणी नव्हतं. म्हणजे गावाला कळेल हे कारणसुद्धा तेव्हा नव्हतं. मग काय होतं? मला अजून सांगता येत नाही.

त्यांनी पुन्हा स्टिअरिंग धरलं नाही. म्हशी वाढवल्या. दूध घेऊन पायी पोलादपूरला जातात. सासूबाई गेल्या, जाईपर्यंत मुलाशी धड बोलल्या नाहीत. वनिता मला वाटेत भेटते, "ताई, बऱ्या हाव ना?" विचारते. मी थांबते, तिच्याशी बोलते, तिच्या मोठ्या मुलाची शाळा विचारते. मला हे जमतं, ह्याचाच मला दर वेळी धक्का बसतो.

वर्षातले दोन दिवस विलास पाणीसुद्धा घेत नाहीत. एक महाडच्या स्टँडचा, दुसरा त्या मुलीचा. गावाला वाटतं कसलं तरी व्रत आहे.

परवा त्यातला पहिला दिवस झाला. काल सकाळी मी तांदळाच्या भाकऱ्या केल्या, पावट्याची आमटी केली आणि त्यांना वाढलं. ते दोन घास जेवले आणि थांबले. बोटांवर काही मोजत होते.

"यंदा पाचवीत असतं," ते म्हणाले. "नाय का गो?"

"हो," मी म्हटलं, आणि त्यांच्या ताटात भाकरी वाढली.